इंदूच्या गुडघ्यांची चौकशी

९ एप्रिल १९६१, अमरावती
दिवाळीपासून इथे एक ओळ लिहिली नाही. क्षमस्व. वाचणारा मीच, तेव्हा क्षमा मिळाली असे धरतो. पण त्यात पक्षपात झाला की काय, ही शंका राहते.
आज चहा ठेवायला उठताना इंदू कण्हली. तिचे गुडघे चार वर्षे दुखतात. कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवतो, पण घरची बायको कशी जगते हे कधी विचारले नाही. लाज वाटली. यापुढे इंदूच्या सुखाकडे जातीने लक्ष देणार.

१० एप्रिल
विचारले, जगण्याला शंभरपैकी किती मार्क देशील? "काहून? मी परीक्षेले बसली का?" आग्रह केल्यावर पंचाऐंशी दिले. बाकीचे पंधरा? "पाच गुडघ्यांचे. दहा तुमी हे असं विचारून राहिले, त्याचे."
मला बरे वाटावे म्हणून वाढवून सांगते, उघड आहे. मी धडधाकट, तरी सत्तरच्या वर जात नाही.

१२ एप्रिल
चांदूर बाजारहून मेहुणे वामनराव आले. त्यांच्या मुलीचे, शालूचे, वीस तारखेला लग्न. इंदू एकुलती आत्या. हळदीची गाणी तिच्याच तोंडची हवीत म्हणे. इंदूने लगेच लुगडी बाहेर काढली.
मी म्हटले, ऊन, बस, जमिनीवर बसणे. चौकशी पूर्ण होईपर्यंत परवानगी देता येणार नाही. वामनराव म्हणाले, "भाऊजी, गाण्याले गुडघे लागते का?" प्रश्न चुकीचा मांडला होता.

१५ एप्रिल, सकाळी ६
तर्क थांबतो तिथे अनुभव. सरपणातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या दोन्ही पायांना मागून लावून जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी करकचून बांधल्या. गुडघे अजिबात वाकत नाहीत. संध्याकाळपर्यंत इंदूसारखे जगणार.

सकाळी ९
संडासाबद्दल लिहीत नाही.
शेजारचे सायकलवाले अब्दुल सत्तार कुंपणावरून म्हणाले, "प्रोफेसर साब, पतंग बनके किधर उडून राहिले?" जगण्याला मार्क: चार. प्रयोग थांबवला. नऊपर्यंतचा पुरावा पुरेसा आहे.
अनुमान: चार वर्षे हे सोसून जी बाई पंचाऐंशी सांगते, ती धीराची आहे आणि खोटे बोलते. वामनरावांना कार्ड टाकले, इंदू येणार नाही.
तिला सांगितले. म्हणाली, "माह्ये गुडघे दुखते, पण वाकते. तुमी तं दुनियेत कोणाले नसन असा आजार बांधून घेतला." नंतर दिवसभर बोलली नाही. केवढा हा धीर.

१८ एप्रिल
पुन्हा मार्क विचारले. "चाळीस." गुडघे वाढले का? "गुडघे तेवढेच हायेत. लग्न हातचं गेलं."
अखेर खरे बोलू लागली. माझ्या लक्ष देण्याचा गुण येतो आहे. पहिल्या प्रयोगात पायऱ्या राहिल्या होत्या. तेवढी उणीव नको म्हणून संध्याकाळी पऱ्हाट्या बांधून ओट्यावरून उतरलो. पडलो.

१९ एप्रिल
उजवा गुडघा भोपळ्याएवढा. डॉक्टर म्हणतात, आठ दिवस खाटेवरून हलायचे नाही.
दुपारी इंदू पिशवी घेऊन समोर उभी. "मी चालली. भाकरी शेजारची रजियाबी पाठवन, सत्तारभाऊ पाहतीन तुमाले." अशा गुडघ्यांनी? "माह्ये गुडघे मले ठाऊक हायेत." उठून अडवणार होतो. उठता येईना. रिक्षात बसताना, मी विचारले नसताना, म्हणाली, "आज शंभर."

२० एप्रिल, संध्याकाळ
गुडघा ठणकतो. रजियाबींनी भाकरीबरोबर शेवयाही पाठवल्या. सत्तार दुकान मुलावर सोडून बुद्धिबळाला बसले. दोन डाव हरलो, तिसरा त्यांनी बहुधा मुद्दाम सोडला. पेपर तपासायचे नाहीत, चौकशी नाही. खिडकीतून कडुनिंबाचा वारा. सहज स्वतःला मार्क दिले. पंचाऐंशी.
तपासून पाहिले, तेवढेच येतात. या गुडघ्याशी हा आकडा जुळत नाही. म्हणजे मीही धीर धरूनच सांगत असणार. अशा माणसाच्या शब्दावर विसंबता येत नाही.
उद्या: मला किती दुःख आहे, हे इंदूला कार्ड टाकून विचारणे.