जोडी एका ओळीत

प्रिय आई,

तुला साष्टांग नमस्कार, आणि तोही अगदी खराखुरा! तुझी लेक रोज सकाळी तळ्याकाठच्या चिखलात पालथी पडून कॅमेरा लावते. ओरडू नकोस, खाली प्लास्टिक घालते. खोकलाही जवळजवळ गेलाय.

आज कष्टांचं चीज झालं. शेकाट्यांची, म्हणजे लांब लाल पायांच्या पाणपक्ष्यांची जोडी नीट टिपली! इतके दिवस एकावर फोकस केला की दुसरा धूसर यायचा. दोघं स्पष्ट हवे असतील तर कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर यायला हवेत, आणि मादी आपली तुरुतुरु पुढे! आज ती थबकली, मान वळवून बघत राहिली. नर सावकाश तिच्या शेजारी आला, तेवढ्यात मी बटण दाबलं. आनंदाने अशी किंचाळले की जोडी भुर्रकन उडाली.

बाबांचा गुडघा कसा आहे? फोनवर "ठणठणीत" म्हणाले, म्हणजे दुखत असणार. फिरायला गेलात की तू फाटकापाशी पोचतेस तेव्हा ते अजून कोपऱ्यावरच असतात ना? जरा थांबत जा गं.

मी आले की तुमचा जोडीने फोटो काढणार आहे. आपल्या घरातल्या एकाही फोटोत बाबा स्पष्ट आलेले नाहीत.

नखांत अजून चिखल असलेली,
तुझी चिऊ