डिक्कीतले दोन पुडे

५ जुलै
मंडल कृषी कार्यालयातून जिवाणू खताचे चार पुडे आणले होते. दोन घरी माठाजवळ, सावलीत. दोन गाडीच्या डिक्कीतच राह्यले. आज चौथ्या दिवशी आठवलं. पुडा हाताला चटका देत होता. जिवाणू मेले असतील. नसतीलही.

७ जुलै
वालाच्या बियाला गुळाचं पाणी लावून माठाजवळचे पुडे चोळले, सावलीत सुकवून पेरलं.
गंगूमावशी बांधावर आली. आईसोबत लोकांच्या वावरात निंदायला जायची. आई गेल्यावर मला तिनंच जेऊ घातलं. आता एक एकर तिचं स्वतःचं.
"माह्या वालाले बी दे ना हे खत, रमेशा. तू शिकला-सवरला, तुले समजते."
मंडलात परत जायचा कंटाळा. डिक्कीतले दिले. वरून बजावलं, युरिया टाकू नको, मुळाले गाठी बसत नाईत.

१२ ऑगस्ट
झाड उपटून पाह्यलं. मुळावर गाठी. नखानं फोडली, आत गुलाबी. म्हणजे जिवाणूंचं काम चालू, हवेतलं नत्र झाडाला मिळतंय. पानं काळीभोर.
मावशीचं वावर पिवळं. ती नसताना एक झाड उपटलं. मूळ साफ, एक गाठ नाही. परत मातीत खुपसलं, चोरासारखं.

१३ ऑगस्ट
"पिवळं काऊन पडून राह्यलं रे?"
म्हटलं, जस्त कमी असंल, फवारून पाहा.
थोडा युरिया टाक, एवढंच सांगायचं होतं. पण मग ती विचारती, काऊन? अन् पुड्यांची गोष्ट निघती.

२ सप्टें.
मावशीची जस्ताची दुसरी फवारणी. पासष्ट वर्षांची बाई, पाठीवर पंप. मी बांधाआड उभा. हाक मारली नाही.

२८ ऑक्टो.
माझे वेल शेंगांनी वाकले. शेतीचे साहेब आले, फोटो काढले, म्हणे सगळ्या गावाले दाखवा. मावशी पण पाहायला आलेली. साहेबाले सांगून राह्यली, "पोराच्या हाताले गुण हाय. माह्या मातीतच दम नाई."
पुढल्या साली वावर कापसासाठी बटाईनं देते म्हणे. स्वतः पुन्हा निंदायला जाणार. लोकांच्या.
साहेबासमोर मी हसलो. कशाले हसलो कोण जाणे.

३० ऑक्टो.
सकाळीच तिच्या वावरात गेलो. वाळके वेल विळ्यानं कापत होती. उभ्याउभ्याच बोललो,
"मावशी, ते पुडे उन्हात राह्यलेले होते. मले माहीत होतं."
विळा थांबला. माझ्याकडे पाह्यलं नाही. मग पुन्हा कापायला लागली. मी पण शेजारच्या ओळीत बसलो, हातानंच वेल उपटू लागलो.
"तिकडं नको बसू," म्हणाली.
उठलो. पण वावराच्या बाहेर जा, असं काही ती बोलली नाही.