आक्का, पावली काढून ठेवली

प्रिय आक्का,

बापूचा जय भीम.

आयुष्यात मी तुला एकच पत्र लिहिलं होतं, आठवतं का? तुझं लग्न झाल्यावर, ताडकळसच्या पत्त्यावर. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू ते दुसऱ्याकडून वाचून घेतलंस आणि त्यानं माझ्या चुका मोजून तुला सांगितल्या. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाकडून आणखी काय होणार? हे दुसरं पत्र. ते तुला कोण वाचून दाखवणार, याची मला सकाळपासून काळजी लागली आहे.

पण लिहितोच. काल ताडकळसला तुझं वर्ष झालं. तिथे तुझ्या लेकीनं, सुनंदानं मला जे सांगितलं, त्यानंतर माझा जीव थाऱ्यावर नाही. बोलायला तू नाहीस, मग काय करू?

गोष्ट त्या रेकॉर्डचीच आहे. तुम्ही जयंतीला गाणाऱ्या बाया पूर्णेहून रेल्वेनं हैदराबादला जाऊन गाणं भरून आलात ना, ती लहान तबकडी. ‘लेकी, पाटी घे गं हाती.’ मुख्य गाणारी दुसरीच. तू मागच्या चौघींत. कव्हरवर तुझं नावसुद्धा नव्हतं! पण तिसऱ्या कडव्यात एक ओळ तुझी एकटीची होती. माझा तेव्हा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, बारसं असो, मी ती रेकॉर्ड लावायचोच आणि तुझी ओळ आली की हात वर करून मांडवाला सांगायचो, “ही आमची आक्का!”

तेव्हाच मी ती पावली लावली. बाजूनं ट्रक गेला की टेबल हलायचं, सुई उडायची, लोक हसायचे. म्हणून सुईच्या दांडीवर पावली चिकटवली. वजनानं सुई जागची हलेना. तू पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा म्हणालीस, “बापू, ते नाणं काढ की रे. माज्या गळ्यावर कुणी पाय ठिवल्यावानी वाटायलंय.”

“आक्का, नाणं काढलं की सुई उडती. लोकं हासतात.”

“हासू दे. मी मरायले का हासल्यानं?”

नाही काढली. धंदा बंद पडला, जुनं मशीन गेलं, घरी ऐकायला बरं मशीन घेतलं. त्यावरही मी पहिल्याच दिवशी पावली चिकटवली. आता टेबल कोण हलवणार होतं? पण भीती. सुई उडेल, चरा पडेल. चरा पडू नये म्हणून मी रोज थोडी थोडी रेकॉर्ड खरवडत होतो, हे मला कळलंच नाही. तुला कळलं होतं. एका दिवाळीत ऐकता ऐकता तू म्हणालीस, “ही मी गायलेय का कुणी ज्वारी पाखडायलंय?” सगळे हसले. मीही हसलो. कसा हसलो असेन?

आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी तू अंथरुणाला खिळलीस. दोन पावलं टाकली तरी धाप. मी भेटायला आलो तेव्हा तू एकच मागितलंस, “बापू, एकडाव माजी ओळ ऐकव.” मी म्हटलं, “उद्याच मशीन घेऊन येतो.” घरी आलो. मशीन होतं तसं उचलून बसमध्ये ठेवलं असतं तर? पाखडल्यासारखी का होईना, तू ऐकली असतीस. पण मला वाटलं, आक्कासाठी जरा स्वच्छ वाजली पाहिजे. सुईवर मळ साचला होता. कापूस घेतला. माझे हात कसे कापतात ते तुला माहीत आहे. सुईचं टोक ज्या बारीक नळीला असतं, ती नळी काडीपेटीतल्या काडीच्या कुसळासारखी असते. ती मोडली.

मी झटक्यात धरणाऱ्या गोंदानं चिकटवायला गेलो. नळी चिकटली नाही, माझी दोन बोटं चिकटली. ओढून सोडवली तर सालपटं निघाली.

दुसऱ्या दिवशी तुझ्यापुढे बसून म्हणालो, “आक्का, मशीन तपासून आणायला लाईटच नव्हती.” पुढच्या खेपेला म्हणालो, पट्टा तुटलाय. मग म्हणालो, वायर जळली. तू दर वेळी तेच बोललीस, “आसू दे बापू. घाई न्हाई.” घाई नाही कशी? तुला तर घाई होती! तिसऱ्या आठवड्यात तू गेलीस.

त्यानंतर सुनंदाचा फोन बंद झाला. भाची शाळेत मास्तरीण, सगळ्यांशी बोलते, मामाशी नाही. मला वाटायचं, तिला वाटतंय की मामानं रेकॉर्ड झिजू नये म्हणून मरत्या आईला ऐकवली नाही. बोलायला तोंड नव्हतं. सुई नीट करून घेऊ, मग बोलू, असं ठरवलं.

पुण्यात एक बाई हे काम करते, असं कळलं. सुईचं अख्खं मुंडकं, ज्याला कार्ट्रिज म्हणतात, ते डबीत कापूस भरून तिला पाठवलं. आठ दिवस मी कुरिअरवाल्याला फोन करून भंडावलं. मग तिचा फोन आला.

“काका, आतलं रबर दगड झालंय. नळी मोडली आहे. आणि सुईच्या टोकाची हिऱ्याची कणी बघा, फोटो पाठवलाय.” फोटोत ती कणी झिजून सपाट झालेल्या नांगराच्या फाळासारखी दिसत होती. “वजन किती देत होता?”

“थोडं.”

“थोडं म्हणजे?”

“पावली.”

ती हसली. “काका, तुम्ही रेकॉर्ड ऐकली नाही, नांगरली!”

मग तिनं समजावलं. पहिल्यासारखी गोल कणी बसवली तर ती रेकॉर्डच्या खोबणीत त्याच झिजलेल्या जागेवर चालेल. बारीक धारेची कणी बसवली तर ती जरा खाली उतरते. तिथे जुनी सुई कधी पोचलीच नसेल, तर तिथला आवाज अजून कोरा असेल. “पण खात्री देत नाही हं, काका. आणि वेळ लागेल.”

मी म्हटलं, बारीक धारेचीच बसवा. ती नळी बदलणार, रबर बदलणार, कणी भिंगाखाली बसवणार. आणि मी इथे पूर्णेत बसून काळजी करणार. खाली आवाज नसला तर? खालीही मीच नांगरलं असेल तर?

ते नीट होऊन आलं, पण मी वाजवून पाहिलं नाही, आक्का. धीरच झाला नाही.

काल मशीन मांडीवर घेऊन बसनं ताडकळसला गेलो. भंतेजी वंदना घेऊन गेले, खीर वाटून झाली, पाहुणे पांगले. तुझ्या फोटोसमोरच्या स्टुलावर मी मशीन मांडलं. सुनंदा दारात उभी होती. रेकॉर्ड फिरायला लागली. आणि माझा हात, माझा हा मेला हात, आपोआप खिशात गेला. पावली बोटांत आली.

सुनंदानं मनगट धरलं. “मामा, नाणं नको.”

वर्षभरात तिचे ते पहिले शब्द.

सुई टेकली. फुंकरीसारखी टेकली, उडाली नाही. पहिली दोन कडवी फाटकीच होती. चौघी जोरात गातात तिथे अजूनही ज्वारी पाखडल्यासारखंच येतं. ते आता कधी नीट होणार नाही, आक्का. ते मी केलेलं आहे. मग चौघी थांबल्या. आणि तू श्वास घेतलास.

ओळीच्या आधी, खोल श्वास. इतकी वर्षं मी ती ओळ वाजवली, तो श्वास कधी ऐकू आला नव्हता. मग ओळ आली. हळू, स्वच्छ. तुझ्या श्वासाला धाप नव्हती गं!

सुनंदानं ते मोबाइलमध्ये भरून घेतलं. म्हणाली, आता रेकॉर्ड झिजायची भीती नाही. मी म्हटलं, मोबाइल पडला तर? ती हसली आणि मला रडू आलं. तिथेच सगळं सांगून टाकलं. कापूस, नळी, लाईट नव्हती, सगळं.

ती म्हणाली, “मामा, आईला ठाऊक व्हतं.”

“काय ठाऊक होतं?”

“तुमी दुसऱ्या दिशी आलात तवा तुमच्या बोटांची सालपटं निघालेली, गोंद काळा पडलेला. तुमी गेल्यावर आई मला म्हणाली, ‘सुई मोडली वाटतं त्याच्याकडून. त्याला इचारू नको. आधीच लय भित्रा हाय माझा बापू.’”

“मग तू वर्षभर माझ्यावर रागावलीस ती कशाला?”

“मोडली मनून न्हाई. मला वाटलं, आज ना उद्या तुमी सोताहून सांगाल.”

आक्का, तू असं का केलंस? एकदा रागवायचं होतंस. ‘खोटं का बोलायलास?’ म्हणून पाठीत धपाटा घालायचा होतास. मी तिथेच तुझ्या पायाशी कबूल झालो असतो आणि मग आपण दोघं मोडक्या सुईवर हसलो असतो. ते तीन आठवडे मी पट्ट्याच्या आणि वायरीच्या गोष्टी रचत बसलो आणि तू धाप लागत असताना त्या खऱ्या असल्यासारख्या ऐकत पडलीस. तुझ्याजवळ बसायचं ते मी असं बसलो! मी मशीनवर ठेवलं तेवढं ओझं कमी होतं का, की शेवटी माझी भीतीसुद्धा तूच उचललीस?

बस. जास्त लिहिलं तर चुका वाढतील.

मशीन सुनंदाकडे ठेवून आलो. वर्षातून एकदा, तुझ्या दिवशी, मी ताडकळसला येईन आणि सुई सुनंदाच टेकवील. तुला शब्द देतो, तुझ्या गळ्यावर पुन्हा कसलंही वजन ठेवणार नाही. आणि माझ्या हातून काही मोडलं, तर त्याच दिवशी सांगेन. सुनंदाला पहिलं सांगेन, कितीही भीती वाटली तरी.

पावली इथे कागदावर ठेवली आहे, वाऱ्यानं पत्र उडू नये म्हणून. सही झाली की तीही काढतो.

तुझा,
बापू
पूर्णा