गेटपलीकडचं ॲमस्टरडॅम

शनिवार संध्याकाळ, फ्रीमाँट

ॲमस्टरडॅमला तीन दिवस उतरणार म्हटलं, तर घरात जणू मी घटस्फोटच मागितला.

पुण्याला जाताना इतकी वर्षं आम्ही तिथेच विमान बदलतोय. दर वेळी गेटवरच्या त्याच खुर्च्या, मांडीवर फॉइलमध्ये बांधलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी. विमान उतरताना खाली कालवे दिसतात. मी दाखवते, हे म्हणतात, "पुढच्या वेळी बघू."

आज निखिलचा फोन. "आई, अलोन कशाला? नेक्स्ट समर सगळे जाऊ ना." बापाचंच वाक्य, फक्त इंग्रजीत.

मग ह्यांनी हुकमी पत्ता टाकला. "सगळ्यांसाठी घेतलेल्या चॉकलेटच्या बॅगा तिथे कुठे ओढत फिरणार?"

"त्या तुमच्याबरोबर. तुम्ही थेट पुढे जा."

यावर टीव्हीचा आवाज वाढला.

जमेल ना मला एकटीला? न जमायला काय झालं? इथल्या फ्रीवेवर रोज गाडी चालवून नोकरी केली, तिथे ट्राममध्ये चढता येणार नाही? सकाळी बोटीतून फिरायचं, एक म्युझियम बघायचं. बाकी वेळ कालव्याकाठी बाकावर नुसतं बसायचं. पाय दुखले तर दुखले.

जेवणानंतर खोली बुक करून टाकली. कॅन्सल करता येत नाही अशीच मुद्दाम शोधली. उद्या माझंच मन डळमळायला नको.

निघताना फॉइलमध्ये पोळ्या बांधीनच. एका माणसापुरत्या.