पिंजऱ्यातला जोडीदार

३ सप्टेंबर १९१६
इटलीतल्या उदिनेजवळच्या विमानांच्या मैदानावर आज हजर झालो. खंदकातला चिखल सुटला, उवा सुटल्या! जेवायला मक्याच्या पिठाचा गरमागरम पोलेंटा, वर चीज. जेवणानंतर म्हाताऱ्या मेकॅनिक बोर्तोलोने सगळी विमानं दाखवली. हा लिबियाच्या लढाईपासून या धंद्यात आहे. तेव्हा विमान नुसतं वरून बघून यायचं. मग फोटो काढू लागलं. मग कुणीतरी मांडीवर बॉम्ब घेऊन बसला. आता चिमुकली विमानं राखणीला, दोन माणसांची तोफांना नेम सांगायला, आणि आमचं तीन इंजिनांचं कॅप्रोनी बॉम्ब टाकायला. पुढे कॅप्टन तेबाल्दी आणि लेफ्टनंट विमान चालवणार. मी मागे, मधल्या इंजिनावरच्या लोखंडी पिंजऱ्यात, उघड्यावर उभा राहून मशीनगन चालवणार. पाठीशी त्याच इंजिनाचा फिरता पंखा. बोर्तोलो म्हणाला, तोल गेला तर खिमा होशील पोरा, आईला कळवू नकोस. दोघंही पोट धरून हसलो.

८ सप्टेंबर
पहिलं उड्डाण. पिंजरा एका माणसापुरता आहे, तरी कुणाचं तरी कोपर सारखं बरगडीला लागत होतं. उतरल्यावर सांगितलं तर कॅप्टन फिस्सकन हसला. म्हणाला, तुझ्या आधीचा नाझारेनोही असाच घाबरट होता, भीतीने उडी मारली त्याने. आत्महत्या म्हणून गावच्या पाद्रीने त्याच्यासाठी प्रार्थनासुद्धा म्हटली नाही. मेलेल्या माणसाची अशी टिंगल! माझं डोकंच फिरलं.

१४ सप्टेंबर
पिंजऱ्याच्या कठड्यावरचा रंग नखांनी ओरबाडलेला आहे. बोर्तोलोला गाठलं. त्याने आजूबाजूला बघून सांगितलं : नाझारेनो गेला त्या दिवशी डोंगरांवर एक इंजिन बंद पडलं. विमान परत आलं तेव्हा मशीनगनही नव्हती आणि नाझारेनोही. मग म्हणाला, "भीतीने उडी मारणारा आधी मशीनगन सोडवून खाली टाकतो का रे?"
वजन कमी केलं हरामखोरांनी! तसाच कॅप्टनच्या तंबूत घुसलो आणि तोंडावर विचारलं. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे विचारलं, "तुझं वजन किती रे?"

१९ सप्टेंबर
कॅप्टनकडे बदली मागितली. नकार. पुन्हा तोंड उघडलंस तर भिंतीशी उभं करून गोळी घालीन, म्हणाला. नीच माणूस.
आज उडताना हातमोज्यावर एक हात आला. बर्फासारखा. मनगट पिळवटून काढलं. मी ओरडलो, माझ्यावर का चिडतोस? तुझे मारेकरी पुढे बसलेत! हात तसाच राहिला.

२१ सप्टेंबर, विमानात
डावं इंजिन बंद. खाली डोंगर. बॉम्ब टाकले. मशीनगनही टाकायला लावली. तरी विमान खालीच—

कॅप्टनने चाक लेफ्टनंटकडे दिलं. मागे येतोय. हातात पाना. ये, ये लेका! मी सोडणार नाही कठडा.

ही वही सापडेल त्याने सगळ्यांना सांगा. मी उडी मारली नाही. नाझारेनोनेही—

त्या बर्फासारख्या हातातून माझं मनगट सुटलं. माझ्या अंगावरून कुणीतरी पुढे गेलं. कॅप्टन किंचाळतोय. घे त्याला! घे!

गेला. कॅप्टन गेला. विमान सावरलं, वर चढतंय. वाचलो—

तो थांबत नाही. लेफ्टनंटच्या मागे उभा आहे. अरे नको, नाझारेनो, आत्ता नको, चाक त्याच्या हातात—