माझ्या घरची पहिली पंगत

आप्पा, विलायतेत मी जवळजवळ दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवायला जायचो, हे तुम्हाला पत्रातून कधी कळवलं नाही. पत्रात थंडीचं लिहायचो, कारखान्याचं लिहायचो, बर्फावर पाय कसा घसरतो ते लिहायचो. पत्र तुमची धाकटी लेक तुम्हाला वाचून दाखवायची. तिच्या तोंडून ‘पार्टी’ हा शब्द तुमच्या कानावर पडला असता, तर तुम्हाला आधी दारूच आठवली असती. दारू होती, खोटं बोलत नाही. मिरजेचा एक डॉक्टर होता आमच्यात, तो बियरच्या बाटल्या पिशवीत खुळखुळवत यायचा. पण त्या रविवारांत दारूला फारसं महत्त्व नव्हतं. सत्तर-एकाहत्तर साली गिरण्यांच्या त्या काळपट गावात मराठी बोलणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी होती. आठवडाभर इंग्रजीत बोलून जबडा आखडलेला असायचा. रविवारी कुणाच्या तरी घराचं दार उघडलं, की पलंगावर कोटांचा ढीग, कोपऱ्यात बुटांचा ढीग, आणि खोलीत एकदम सगळ्यांचा आरडाओरडा. राजकारण, पत्ते, गावाकडच्या ऊसदराची भांडणं. मी बोलायला उभा राहिलो की डॉक्टर म्हणायचा, “बसा रे सगळे, सभा सुरू झाली. पाणी ठेवा वक्त्यापुढं.”

पहिलं आमंत्रण आलं ते माझ्याच कारखान्यातल्या मित्राकडून. तो सांगली जिल्ह्यातला, बागायतदाराच्या घरचा, चुलते लष्करात. माझ्या टेबलाशेजारी बसून नकाशे काढायचा. त्याला माझं सगळं माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात मी त्याला सांगून टाकलं होतं, कारण नंतर कळून तोंड फिरवणाऱ्यांपेक्षा आधी कळून फिरवणारे मला परवडतात. त्यानं तोंड फिरवलं नाही. तर त्याच्या बायकोनं, वहिनींनी, शनिवारी निरोप दिला. “भावजी, आमच्याकडं सगळे आपापलं भांडं घेऊन येतात. तुम्ही पण एक भांडं आणा, काहीतरी करून. निदान भात तरी.”

त्यात वाईट काहीच नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. एकट्या बाईवर स्वयंपाकाचा भार नको म्हणून काढलेली सोय होती ती. मी भात केला, झाकण लावलं, पातेलं फडक्यात बांधलं आणि दारापर्यंत गेलो. पुढं पाय उचलेना. पातेलं परत गॅसवर ठेवलं आणि रिकाम्या हातानं निघालो.

तुम्हाला कारण सांगायला नको. पण मला तो दिवस पुन्हा एकदा तुमच्यापुढं मांडायचा आहे. कोरेगावच्या अलीकडचं आपलं गाव, ओढ्याच्या पलीकडं आपली घरं. आपण बौद्ध होऊन वर्ष उलटलेलं नाही. मोठ्या वाड्यात लग्न आहे, आणि आवतण घेऊन आलेला माणूस ओढ्याच्या काठावरच उभा राहून ओरडतो आहे, “जेवाय या रं समदी. भांडी घिऊन या.” दरवेळी असंच असायचं. गाव जेवून उठलं की आपण आपापली भांडी घेऊन लांब बसायचं, वरून वाढलं जाईल ते झेलायचं, आणि घरी येऊन खायचं. आई सवयीनं जर्मनचं पातेलं काढायला वाकते. तुम्ही तिथूनच म्हणता, “आवं, पंगत आसंल तर येतो आमी. पंगतीत बसवा, सगळ्यांच्या संगं. भांडं घिऊन न्हाई येणार आता.” तो माणूस हसतो. “लय शिकलास की गड्या!” तुम्ही म्हणता, “शिकलो न्हाई. शिकवणार हाय.” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवता.

पुढं त्या सुगीला गावात कुणी तुम्हाला कामावर बोलावलं नाही. तुम्ही कोयनानगरला धरणावर खडी फोडायला गेलात, तिथून सांगलीला, तिथून कुपवाडच्या एका फौंड्रीत. त्या एका वाक्यानं आपलं गाव सुटलं. मी कॉलेजात समतेवर कितीतरी तास बोललो असेन, टाळ्या घेतल्या असतील, माईक काढून घेतला तरी घसा फाडून बोललो असेन. पण माझ्या एकाही भाषणानं माझं काही सुटलं नाही. तुमच्या वाक्यानं सुटलं. म्हणून त्या वाक्याला मी जपत आलो. पातेलं घेऊन कुणाच्या दारात जायचं नाही, मग ते दार विलायतेतलं का असेना.

पहिल्या दिवशी दारात डॉक्टरनं माझे हात पाहिले. “रिकामाच आलास? लग्न कर बाबा, म्हणजे डबा तरी येईल.” सगळे हसले, मीही हसलो. नंतर ती थट्टा कायमचीच झाली. “आले, नुसती जीभ घेऊन येणारे आले.” मी कधी कारण सांगितलं नाही. मित्रानं ओळखलं असावं, कारण महिन्याभरानं वहिनींनी मला भांड्याबद्दल विचारणं बंद केलं.

मग त्र्याहत्तरच्या वसंतात तुम्ही गेल्याचं पत्र आलं. पत्र पोचलं तेव्हा तुमची राखही नदीत जाऊन थंड झाली होती. मी कारखान्यात गेलो नाही. दुपारी जिन्यावर पावलं वाजली. मित्र, वहिनी, डॉक्टर, तिघं. वहिनींच्या हातात पिठलं, डॉक्टरच्या हातात भात. दुःखाच्या घरी चूल पेटवायची नसते, ती आपल्या गावाकडची रीत त्यांनी हजारो मैलांवर पाळली. मित्र एवढंच म्हणाला, “दोन घास खा रं.” मी खाल्ले. त्या लोकांनी मला आपल्या हातानं वाढलं, माझ्या ताटात वाढलं, माझ्या शेजारी मांडी घालून ते स्वतः जेवले. तेव्हाच मनात आलं की आता आपण बोलवायचं. पंगत घालायची. तुम्हाला जी कुणी दिली नाही, ती आपल्या घरी मांडायची.

जूनमध्ये मी सगळ्यांना सांगितलं. “माझ्या घरी कुणी काही आणायचं नाही. भरलेलं भांडं दिसलं तर दारातून परत पाठवीन.” वहिनी म्हणाल्या, “भावजी, आम्हाला उपाशी मारायचा विचार दिसतोय.” मित्र थोडा अडखळला. त्याची आई गावाहून आली होती, तिला घरी एकटं ठेवता येणार नव्हतं. मी म्हटलं, “मग घेऊन ये की. त्यात विचारायचं काय?” तो हो म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं. त्यानं आईला माझ्याबद्दल फक्त “साताऱ्याकडचा हाय” एवढंच सांगितलेलं होतं.

शनिवारीच मी मटण आणलं. आईनं कुणाच्या तरी सामानातून पाठवलेला कांदा-लसूण मसाला होता, तो जपून ठेवला होता, तो सगळा काढला. सुकं खोबरं गॅसवर धरून करपवलं, तर खालची घरमालकीण काय जळतंय ते बघायला धावत वर आली. ज्वारीचं पीठ तिकडं मिळत नव्हतं, म्हणून गव्हाच्याच जाड भाकऱ्या थापल्या, वेड्यावाकड्या. टेबल-खुर्च्या भिंतीला लावल्या आणि जमिनीवर चादरीची पट्टी अंथरली. एका ओळीत ताटं मांडली. सगळी सारखी ताटं मिळावीत म्हणून शेजारच्या बंगाली माणसाकडून दोन मागून आणली.

दुपारी सगळे आले. मित्राची आई नऊवारीवर मुलाचा जाडा स्वेटर घालून, हळूहळू जिना चढून वर आली. मी पाया पडलो. मला म्हातारी आवडली. खोली बघून म्हणाली, “एकटाच ऱ्हातोस? बरं आवरलंयस की.” मग खाली बसून गुडघे चोळत तिनं विचारलं, “कोरेगावकडचा न्हवं तू? आमची नणंद दिलीया तिकडं. तुमचं घर कुठल्या अंगाला?”

मी गावाचं नाव सांगितलं. “ओढ्याच्या पलीकडं.”

आपल्या भागात एवढं उत्तर पुरतं. तरी मी पुढं म्हटलं, “आम्ही बौद्ध, मावशी.” मी लपवलं असं कुणी म्हणू नये म्हणून.

ती “आसं व्हय” म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, “मला जेवाय नगं बाळा. इमानातनं आल्यापास्नं पोट जड हाय.”

डॉक्टर म्हणाला, “मावशी, विमान उतरून महिना झाला.”

“आये, जेव की गप,” मित्र म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

“गप काय गप? माणसाला भूक नसती व्हय कवा?”

वहिनी खाली बघत होत्या. आप्पा, तुम्हाला ठाऊक आहे मी कसा आहे. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. ग्रंथांतलं होतं, कायद्यातलं होतं, तुमच्या हातावरल्या खडीच्या व्रणांतलं होतं. तासभर बोललो असतो आणि त्या खोलीतल्या सगळ्यांना खाली माना घालायला लावल्या असत्या. ती म्हातारी स्वेटरच्या बाहीत हात ओढून बसली होती. आणि मला माझं काही न सुचता तुमचंच वाक्य सुचलं, उलट्या बाजूनं.

“भूक नसेल तर जेवू नका, मावशी. पण पंगतीत बसा. सगळ्यांच्या संगं.”

“रिकाम्या ताटावर बसू व्हय?”

“रिकामं नाही ठेवणार. वाढेन मी. खायचं का नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण माझ्या घरात कुणी वेगळं बसायचं नाही. तुम्ही पण नाही.”

तिनं स्वेटरच्या बाहीतून हात बाहेर काढले. “लय हट्टी हायस की रं.”

“बापावर गेलोय.”

ती सरकत सरकत ओळीत आली आणि मुलाच्या शेजारी बसली. मी वाढायला सुरुवात केली, डाव्या टोकापासून, कुणाचा मान न बघता. तिच्या ताटात भाकरी ठेवली, रस्सा घातला, कांदा ठेवला. सगळे जेवू लागले. पहिल्यांदा फक्त घासांचा आवाज होता, मग डॉक्टरनं नाक पुसत ओरडून रस्सा मागितला, मग वहिनींना भाकरीचा आकार बघून हसू आवरेना. हळूहळू रविवार रविवारासारखा झाला. म्हातारीनं ताटाला हात लावला नाही. रश्श्यावर तेलाची साय धरली. मधेच ती वाकली, वास घेतला आणि म्हणाली, “मसाला कुणाचा?”

“आईनं धाडलाय.”

“चांगला भाजलाय. वासावरनं कळतंय.”

पण खाल्लं नाही.

सगळे उठायला लागले तेव्हा मी तिच्या ताटापाशी थांबलो. त्या ताटाचं काय करायचं ते मला कळेना. अन्न माझं होतं, मी रांधलेलं होतं. पण तिच्यापुढून उचललेलं खायचं, तर आपण ओढ्यापलीकडं जे खात आलो त्यापेक्षा ते वेगळं काय झालं असतं? आणि तुमच्या पोरानं अन्न टाकायचं, हेही जमेना. मी वाकलो तोच मित्रानं ताट स्वतःकडं ओढलं. पुन्हा मांडी घातली आणि खायला लागला.

“आरं, जेवलास की मगाशी!” त्याची आई म्हणाली.

“परत भूक लागली.”

त्यानं ते सगळं ताट संपवलं. गार रस्सा, वातड झालेली भाकरी, कांदा. कपाळावर घाम आला तरी थांबला नाही. डॉक्टरनं पाण्याचा पेला त्याच्यापुढं सरकवला. आई मुलाच्या हाताकडं बघत होती, ताटातून तोंडाकडं जाणाऱ्या. मग तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, “पाणी पी मधे. ठसका लागंल.”

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडं गेलो. ती तिथं ओळीत बसली, सुनेच्या हातचं जेवली, मला “घे की अजून” म्हणाली. पुढं ती गावी परत गेली आणि काही वर्षांनी वारली. माझ्या घरी पंगती होत राहिल्या. मी त्यांच्याकडं जात राहिलो, ते माझ्याकडं येत राहिले. मित्र आज सांगलीत आहे, गुडघे गेलेत, अजून भांडतो माझ्याशी.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, आणि त्या दिवसाची गोष्ट मी कुठल्या व्यासपीठावरही सांगितलेली नाही. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो, त्यांच्या जेवण्या-न जेवण्यावर आपली किंमत ठरत नाही, त्यांनी आपल्या हातचं खावं म्हणून आपण झुरायचं नाही. ते खरं आहे. आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण आप्पा, त्या दुपारी वाढता वाढता मी दर थोड्या वेळानं फक्त तिच्याच ताटाकडं बघत होतो. तिनं एक घास खावा, असं मला फार वाटत होतं.