लाल तुकड्याची जागा

संभाजीनगर,
१२ जानेवारी २०२५

ती. काकूस,
रेणुकाचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, पण रुसलेली आहे. घर पाडल्याचा फोटो मला तुझ्या अंगदच्या स्टेटसवर बघावा लागला. डोक्यावरचं माळवद खाली आलं तरी तुमच्यापैकी कुणाला मला कळवावंसं वाटलं नाही. म्हणून मी फोन उचलत नाही आणि वास्तुशांतीलाही येणार नाही. मी आता पाहुणी झाले, असं समजते.

कॉलेजात चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला एक मोठं काम द्यायचं असतं. मी वाकळ शिवतेय. तिच्यावर आपलं जुनं घर असेल. चूल, उतरंड, अंगणातल्या मेंढ्या आणि आपण सगळे, प्रत्येकाचा एकेक तुकडा. त्यासाठी फाटकी लुगडी, धोतरं बसनं धाड. कोकरांना पांघरून उरली असतील तर!

काकांना नमस्कार. राग आहे, पण माया आटलेली नाही. तुझीही आटू देऊ नकोस.

तुझी रेणुका

घनसावंगी,
२६ जानेवारी

चि. रेणुकास काकूचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून काकांना भाकर गोड लागली नाही. मागची भिंत पावसात फुगली होती, कधी अंगावर येईल नेम नव्हता. तेव्हा तुझी परीक्षा चालू होती. काका म्हणाले, सांगू नका, पोरगी रडत पेपर लिहील, मंग समदी शाई पुसून जाईल. आमचं चुकलं, बाई.

पण पाहुणी म्हणे! तुझे आईदादा मेंढ्यांमागं रानोमाळ फिरायचे, तेव्हा शाळेपायी तू माझ्यापाशी राहिलीस. कुठल्या पाहुण्यानं माझ्या गुळाच्या डब्यात असा हात घातला होता, सांग बरं.

आणि चिंध्या मागतेस? लेकीला जुनेर दिलं असं कळलं तर गल्ली माझ्या तोंडात शेण घालील. अंबडला जाऊन नवं कोरं कापड आणलं, ते धाडते आहे. बिलकुल हात आखडू नकोस, हवं तेवढं काप. सात मार्चला वास्तुशांत आहे. तुझे आईदादा मेंढ्या राखणीला देऊन येणार आहेत. तू ये.

जेवत जा. आमची आठवण ठेव.

तुझी काकू साळूबाई

संभाजीनगर,
२० फेब्रुवारी

ती. काकूस शि. सा. न. वि. वि.

गाठोडं पोचलं. फुलाफुलांचं कापड बघून मैत्रिणी विचारतात, लग्न ठरलं का. अगं, जुन्या घराला नवं कापड कसं लावू? पण तू ते बांधलंस कशात, ते तुझ्या ध्यानातच नाही. तुझं विटकं हिरवं लुगडं, आणि वरून काकांच्या धोतराची पट्टी! माझं काम झालं. लुगड्याला अजून चुलीचा वास होता. आधी रडले, मग कात्री लावली.

वाकळ सोबत धाडते. प्रदर्शनात टांगायच्या आधी चुका काढ. तुझ्या नव्या कापडातला लाल तुकडा तेवढा माझा आहे. वास्तुशांतीचं पुन्हा काढू नकोस.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी रेणुका

घनसावंगी,
२ मार्च

चि. रेणुकास अनेक आशीर्वाद.

वाकळ नव्या फरशीवर अंथरली आणि सगळं घर तिच्याभोवती बसलं. काकांनी लगेच चूक काढली, की तू चूल दाराकडं फिरवलीस. उतरंडीत एक मडकं जास्त आहे. मेंढ्या मात्र बराबर आहेत, लंगडीसुद्धा.

मंग मला तुझा लाल तुकडा दिसला. उंबऱ्याबाहेर, चपला काढायच्या जागी. काका उठून बाहेर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मला तुझा फार राग आला, आणि त्याहून जास्त माझा आला. मी तो तुकडा उसवला. तुझ्या परीक्षकांना काय सांगायचं ते सांग.

आता भांडण लागलं आहे. काका म्हणतात, पोरगी चुलीपाशी निजायची. अंगद म्हणतो, न्हाई, माळवदावर, माझी गोधडी ओढून. मला तर तू माझ्या कुशीतच आठवतेस. कुणी ऐकायला तयार नाही.

म्हणून तुकडा अजून लावलेला नाही. तो वाकळेवर ठेवला आहे आणि सुई शेजारी टोचली आहे. वाकळ कुणाला उचलू देत नाही, घरातले सगळे कडेकडेनं चालतात. वास्तुशांतीला भटजी बसणार कुठं, हे काका रोज विचारतात.

पत्र अंगदच्या हाती देते आहे. त्याच्याच मागं गाडीवर बसून ये आणि तुझी जागा तूच शिव.

वाट बघणारी,
तुझी काकू